आधी वायरमन, मग पंखा



आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, आणि बोलणार छताच्या पंख्यावर! पण मला सांगा, घरात अशी दुसरी कोणती वस्तू आहे, जी पाच-सहा किलोंची आहे, मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे घेते आणि जिच्या बरोबर खाली आपलं नातवंड झोपतं? बारा तास पंखा चालला तर दिवसाला अडीच लाख फेरे होतात. हा सगळा भार असतो एका हुकावर, एका बोल्टवर आणि त्या बोल्टातून बाहेर डोकावणाऱ्या काडीएवढ्या स्प्लिट पिनेवर. म्हणून हा विषय.

नोकरीत असताना आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. पंखा कुरकुरला की एमईएसकडे तक्रार नोंदवायची, माणूस येऊन काम करून जायचा. निवृत्तीनंतर मी सिकंदराबादला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो आणि हे सगळं माझ्याकडे आलं. तुमच्यापैकी बरेच जण इंदूरला, बडोद्याला, रायपूरला, बंगळूरला असेच राहत असाल. भाषा वेगळी, बाजार वेगळा, वायरमन ओळखीचा नाही. मग आपण काय करतो? जाहिरात बघून पंखा मागवतो, खोका घरात येतो आणि त्यानंतर तो लावायला माणूस शोधतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की हा क्रम उलटा करा. फौजेत आधी टेहळणी होते, मग सामान ठरतं. इथेही तेच.

माझ्या फ्लॅटमध्ये तीन पंख्यांचा प्रश्न होता. वॉचमनला विचारून गल्लीतला एक वायरमन बोलावला. मी म्हटलं, "भाई, कौनसा पंखा लेना?" तो म्हणाला, "साब, पयले छत देखना, पंखा बाद में लेना." तिथेच मला माणूस पटला.

त्याने काय काय पाहिलं, ते ऐका.

पहिलं, हुक. बेडरूमच्या वरच्या मजल्यावर बाथरूम होतं आणि स्लॅबमध्ये ओल होती. त्याने हुकाचा गंज खरवडला, तर सळई आतून बारीक झालेली. त्या हुकावर पंखा टांगायला त्याने साफ नकार दिला. ओल थांबेपर्यंत थांबलो, मग कोरड्या काँक्रीटमध्ये अँकर फास्टनर मारून नवा हुक बसवला. समुद्राकाठच्या गावात, गोव्यात, विशाखापट्टणमला, चेन्नईला राहणाऱ्यांनी हे जरूर बघून घ्यावं. खाऱ्या हवेत लोखंड लवकर खातं.

दुसरं, उंची. पाती जमिनीपासून आठ फुटांच्या वर हवीत आणि छतापासून निदान एक फूट खाली हवीत. छताला चिकटून लावलेल्या पंख्याला वरून हवा ओढायला जागाच मिळत नाही. हॉलमध्ये पीओपीचं छत होतं. पंख्याचा भार कधीही पीओपीवर द्यायचा नसतो, वरच्या स्लॅबवरच द्यायचा. म्हणून तिथे लांब रॉड लागला. कौलारू घर असेल तर वाशाला नाही, भक्कम तुळईलाच क्लँप लावायचा.

तिसरं, खोलीचं माप. दहा बाय बाराच्या खोलीला १२०० मिलिमीटरचा, म्हणजे आपला नेहमीचा अठ्ठेचाळीस इंची पंखा पुरतो. लहान खोलीला ९०० किंवा १०५० चालतो. लांबट हॉलमध्ये एक मोठा पंखा मध्यभागी लावण्यापेक्षा दोन लावलेले बरे.

चौथं, वायरिंग आणि इन्व्हर्टर. आता बीएलडीसी पंखे आले आहेत. जुना पंखा ७५ वॉट घेतो, हा तीसच्या आसपास. बारा तासांत अर्ध्या युनिटहून थोडी जास्त बचत. वर्षात अडीचशे दिवस पंखा चालला तर एका पंख्यामागे साधारण १३५ युनिट वाचतात. तुमच्या राज्यातल्या दराने गुणून बघा आणि किमतीतला फरक किती दिवसांत निघतो ते ठरवा. पण या पंख्याला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर चालत नाही, तो सहसा काढावा लागतो. वेग रिमोटवर असतो. घरात म्हातारं माणूस असेल आणि अंधारात रिमोट सापडत नसेल, तर हाही विचार करा. जुना पंखा इन्व्हर्टरवर घूं घूं करत असेल, तर दोष पंख्याचा की इन्व्हर्टरचा, हे वायरमन सांगू शकतो. दुकानदाराला ते दुकानात बसून कसं कळणार?

आणि तिसरा पंखा? तो मंद झाला होता, म्हणून मी बदलणार होतो. वायरमनने वाटी खाली सरकवली, कंडेन्सर बदलला आणि पंखा पळायला लागला. खर्च शंभर रुपयांच्या आत.

आता महत्त्वाचं. त्याने मला हे का सांगितलं? नवा पंखा घ्यायला लावला असता, तर दुकानातून त्याला चार पैसे सुटले असते. बाजारात ही पद्धत आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण मी त्याला आधीच म्हटलं होतं, "नुसतं बघून सांगायचे दोनशे रुपये वेगळे. पंखा घेवो न घेवो." आपण लावण्याची मजुरी देतो, सल्ला मात्र फुकट मागतो. फुकट सल्ल्याचे पैसे कोणीतरी भरतोच, आणि जो भरतो, सल्ला त्याच्या सोयीचा निघतो. सल्ल्याचे पैसे तुम्ही द्या, म्हणजे तो सल्ला तुमचा.

मग दुकानात जा. जमल्यास त्यालाच बरोबर घ्या. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे. तारे बघा, आयएसआयची खूण बघा आणि हवेचा आकडा बघा. १२०० मिलिमीटरच्या पंख्याला तो मिनिटाला दोनशे घनमीटरच्या पुढे असावा. रंग आणि नक्षी शेवटी.

लावायच्या दिवशी तुमचंही काम आहे. प्लास्टिकच्या खुर्चीवर त्याला चढवू नका. शिडी द्या आणि धरायला माणूस उभा करा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, एमसीबी खाली करा आणि तिथे कोणाला तरी थांबवा, म्हणजे घरातलं दुसरं कोणी चुकून चालू करणार नाही. पंखा आपल्या घरात लागतो, पण जीव त्याचा टांगणीला असतो. खोक्यातली तीन पाती एका वजनाची असतात, दुसऱ्या पंख्याची मिसळू दिली की पंखा डुलतो. हिरवी वायर अर्थिंगला जोडली का, हे विचारा. वाट्या बंद करण्याआधी दोन्ही टोकांच्या स्प्लिट पिना टॉर्च लावून स्वतः बघा. दोन्ही पाय फाकवलेले हवेत. यात अविश्वास नाही. विमानाची तपासणीही दोन माणसं करतात.

चांगला वायरमन शोधायचा कसा? आयटीआय झालेला किंवा राज्याचा वायरमन परवाना असलेला मिळाला तर उत्तम. नसेल, तर दोन गोष्टी बघा: तो छत न बघता पंखा सुचवतो का, आणि हात लावण्याआधी टेस्टर काढतो का.

फौजेच्या ईएमई कोअरमध्ये यंत्रं दुरुस्त करणाऱ्या जवानाच्या हुद्द्याचं नावच 'क्राफ्ट्समन' आहे. त्याने पास केल्याशिवाय गाडी निघत नाही, मग गाडीत बसणारा कितीही मोठा साहेब असो. आपल्या दारात पिशवी घेऊन उभा असतो तोही क्राफ्ट्समनच. त्याला नावाने हाक मारा, पाणी द्या, ठरलेले पैसे त्याच दिवशी द्या. महिन्याभराने नटबोल्ट तपासायला पुन्हा बोलवा आणि त्या फेरीचेही पैसे द्या. परक्या गावात अडीनडीला धावून येणारा माणूस असाच जोडला जातो.

उन्हाळा सुरू व्हायच्या आत, फेब्रुवारीतच हे काम उरका. एप्रिलमध्ये त्याला वेळ नसतो आणि तुम्हाला धीर नसतो.

जय हिंद.