आधी परवाना, मग पाया

आज आपण घर वाढवण्याविषयी बोलू. आईबाप थकले, सासूसासरे एकटे पडले, की त्यांच्यासाठी एक खोली काढावी असे वाटते. वाटणे चांगलेच, पण तेवढ्याने भागत नाही. आमचीच फजिती सांगतो.

आमच्या सासूबाई गावी एकट्या होत्या. वय ऐंशी. जिना चढवत नसे. आम्ही त्यांना तालुक्याच्या गावी आणले. घराच्या बाजूला सात फुटांची बोळ होती. तिथे खोली बांधली. जागा आपली, पैसा आपला, मग विचारायचे कुणाला? आम्ही जन्मभर मुलांना वाचायला शिकवले. पण घराचा मंजूर नकाशा पेटीतून काढून पाहिला नाही!

महिन्याभरात नगरपालिकेची नोटीस आली. शेजाऱ्यांनी अर्ज केला होता. आम्ही रागावलो. मग त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन पाहिले, तर भर दुपारी दिवा लावलेला. आमच्या भिंतीने त्यांचा उजेड खाल्ला होता. बाजूची जागा मोकळी का सोडायची, ते तेव्हा कळले. ती उजेडासाठी, वाऱ्यासाठी असते. आग लागली, तर माणसांना धावता येण्यासाठी असते.

भिंत पाडली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "माझ्यापायी तुमचं नुकसान झालं. मला गावी पोचवा, जावईबापू." ते बोल अजून मनाला लागतात.

आता कायदा ऐका. महाराष्ट्रातल्या शहरांत १९६६ चा नगररचना कायदा चालतो. खोली आईसाठी की भाडेकऱ्यासाठी, हे तो विचारत नाही. कुठे बांधता आणि किती बांधता, हे विचारतो. मुंबई व आणखी काही भाग सोडले, तर २०२० पासून राज्यात एकच नियमावली आहे. कोणत्या बाजूला किती जागा सोडायची, एकूण किती बांधायचे, हे तिच्यात दिलेले आहे.

अर्जाला जागेचा उतारा आणि जाणकार अभियंत्याचा नकाशा जोडा. पोच घ्या. ६० दिवसांत उत्तर आले नाही, तर परवानगी मिळाली असे धरतात. पण नकाशा पुरता नियमात बसत असेल तरच. परवाना एक वर्ष चालतो. पुढे मुदत वाढवून मागता येते. नोटीस आली तर उशाखाली ठेवू नका. मुदतीत उत्तर द्या. खेड्यात १९५८ चा ग्रामपंचायतीचा कायदा आहे. तिथेही परवानगी आधीच लागते. शेतात बांधायचे असेल, तर प्रथम तलाठ्याकडे चौकशी करा.

पुढे आम्ही रीतसर परवाना काढून माडी चढवली. आम्ही दोघे वर गेलो. आमची खालची खोली सासूबाईंना दिली. शेवटपर्यंत त्या तिथेच राहिल्या. खिडकीतून शेजारीणबाईंशी रोज गप्पा होत. बोळ मोकळी होती म्हणून!

मंडळी, तुम्हाला आता वाचता येते. आज घरी जा, पेटी उघडा, घराचे कागद वाचा.