हात लावून पाय

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, 'घोड्याचा पाय.' पलीकडे जरा वेळ शांतता होती. त्यांना संगणकावरचं काहीतरी हवं असणार. शिवाय मुलचेऱ्यात आपण घोडा पाहिला तो वरातीतला, तोही बाहेरून भाड्याने आणलेला. आपला सगळा संबंध बैलांशी. म्हणून सुरुवात बैलापासूनच करते.

मी नववीत होते. ऐन रोवण्याच्या दिवसांत आमचा एक बैल लंगडायला लागला. बांधीतली चिखलणी अर्धी राहिलेली, पऱ्हे उपटून ठेवलेले. संध्याकाळी बाबांनी बैलाचा पाय दोरीने उचलून बांधला आणि माझ्या हातात कंदील दिला. मी लांबूनच धरून उभी. बाबा म्हणाले, "भेतेस कायले? हात लावून पाय ना बाई." आपल्या बोलीत 'पाय' म्हणजे 'पाहा', हे पुण्यात मला समजावून सांगावं लागतं. मी हात लावला नाही. चिखल, शेण, तो वास, आणि दुसऱ्या दिवशी विज्ञानाची चाचणी. कंदील खाली ठेवून मी घरात गेले आणि सांध्यांचे प्रकार पाठ केले. बिजागरीचा सांधा, उखळीचा सांधा. गुण चांगले मिळाले. बैलाच्या दोन खुरांच्या बेचक्यात बांबूचं टोक रुतलं होतं. ते बाबांनी एकट्यानेच काढलं.

आता मधली तीस वर्षं सोडून देते. इंजिनिअरिंग, नोकरी, पुणे, ते तुम्हा सगळ्यांचंही थोडंफार तसंच आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही चारपाच जणांनी कामाबाहेर एक प्रयोग सुरू केला. घोड्याच्या डोक्याला छोटा सेन्सर बांधायचा, त्याला दुडक्या चालीने पळवायचं, आणि कुठल्या पायाने तो लंगडतो ते प्रोग्रामने सांगायचं. तत्त्व सोपं आहे. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा डोकं वर घेतो, चांगला पाय टेकला की खाली आणतो. आकृत्या पाहून मी सगळं लिहिलं. एका तबेल्यातल्या घोडीवर चाचणी घेतली. प्रोग्राम म्हणाला, पुढचा उजवा पाय.

तिथे एक म्हातारे नालबंद होते. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. ते म्हणाले, "मॅडम, मशीन जरा बाजूला ठेवा." चारही पायांवरून त्यांनी हात फिरवला आणि मागच्या उजव्या पायाशी थांबले. माझी बोटं धरून खुराच्या वरच्या सांध्यामागे टेकवली. तिथे नाडी उडत होती. निरोगी घोड्यात ती शोधावी लागते, इतकी मंद असते. खूरही बाकीच्यांपेक्षा गरम. त्यांनी तळ थोडा तासला तर काळपट पू बाहेर आला.

चूक माझी होती. दुडकीत मागचा उजवा आणि पुढचा डावा पाय एकदम टेकतात. मागचा उजवा दुखत असेल तर घोडी भार पुढे टाकायला त्याच क्षणी डोकं खाली घेते, आणि पाहणाऱ्याला वाटतं की पुढचा उजवाच दुखतोय. पण आम्ही त्या प्रोग्रामवर विसंबून पुढच्या पायाला शेक देत बसलो असतो, आणि घोडी तशीच उभी राहिली असती. त्या रात्री मला तो कंदील आठवला.

मग वर्षभर जवळजवळ प्रत्येक रविवारी मी तबेल्यात गेले. आता सगळ्यांनी उजवा हात पुढे करा. लाजू नका, गुरुजी, तुम्हीसुद्धा. मधलं बोट ताठ करून त्याचं टोक मांडीवर टेकवा, बाकीची बोटं वर. असा उभा असतो घोडा, प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर. नख म्हणजे खूर. आपण ज्याला घोड्याचा पुढचा गुडघा म्हणतो ते तुमचं मनगट. मागच्या पायाचा उलटा वाकणारा सांधा म्हणजे तुमची टाच. 'गुडघ्या'खाली बोट फिरवलं तर मुख्य हाडाच्या दोन्ही अंगांना दोन बारीक हाडं लागतात. ती बाजूच्या बोटांची उरलेली खूण. तिथून खाली मांस जवळजवळ नाहीच, नुसत्या दोरीसारख्या कंडरा. म्हणून तिथली सूज हाताला लगेच कळते. आता गळ्याखालचं आडवं हाड चाचपा. घोड्याला ते नसतंच. त्याची छाती पुढच्या दोन पायांमध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते.

पुढे एका पशुवैद्यकीय महाविद्यालयात परवानगी काढून पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर बसले. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरायचे. खुराच्या आत जवळपास 600 पातळ पापुद्रे असतात आणि त्यांच्यावर आतलं हाड तोललेलं असतं, हे मी वाचलं होतं. आडव्या कापलेल्या खुरावर नख फिरवल्यावर ते वहीच्या पानांसारखे लागले. आकृत्या खोट्या नसतात. जॉर्ज स्टब्ज या इंग्रज चित्रकाराने 1766 साली घोड्याच्या शरीररचनेचं पुस्तक काढलं, त्याआधी सुमारे दीड वर्ष तो मेलेले घोडे टांगून एकेक थर सोलून चित्रं काढत होता. वास त्याने सोसला, आपल्याला नुसतं पान मिळतं.

आमचा प्रोग्राम अजून चालू आहे, पण आता तो आधी विचारतो: चारही खुरांना हात लावून पाहिलात का?

आज मी शाळेसाठी एक पेटी आणली आहे. गावातल्याच मटणाच्या दुकानातून बकरीच्या पुढच्या पायाची हाडं घेतली, उकळून, घासून, वाळवून. खाली दोन बोटं आणि वर दोन हाडं जुळून झालेलं एक, जोडाची खाच बोटाला लागते. काल रात्री घरी मी ती चटईवर लावून दाखवली. बाबांना आता नीट दिसत नाही. त्यांनी एक हाड उचललं, अंगठा फिरवला आणि उलटं करून ठेवलं. मग ते बरोबर बसलं.

मुख्याध्यापकांना एवढीच विनंती, ही पेटी कार्यालयाच्या कपाटात कुलूप लावून ठेवू नये. एखादं हाड हरवलं तर मला फोन करा, दुकान जवळच आहे.