पाळणाघरातील बाळंतीण



द्राक्षांची विरळणी किंवा कांद्याची लागण सुरू झाली, की बायका सकाळीच शेतावर जातात आणि मुले शेजारच्या एखाद्या वहिनींकडे ठेवतात. शहरात अशा घराला पाळणाघर म्हणतात. खेड्यात दारावर पाटी नसते इतकेच, काम तेच. पण या वहिनीच बाळंत झाल्या म्हणजे काय? प्रश्न एका घराचा दिसतो. असतो तो पाच घरांचा.

नोकरी करणाऱ्या स्त्रीसाठी १९६१ साली प्रसूतिलाभ कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांच्या वेळची पगारी रजा २६ आठवडे झाली. वहिनींना मात्र मालकच नाही. मग त्यांना रजा द्यायची कोणी? माझे उत्तर असे, की ज्यांची मुले त्या सांभाळतात त्यांनी.

“घरीच तर असते, तिला कसली रजा?” असे काहीजण म्हणतील. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याने काय ठरवले ते बघा. कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर एका बाईला त्यांच्यापाशी बसवावे आणि तिला मजुरी द्यावी. म्हणजे मुले सांभाळणे हे मातीकामाइतकेच काम आहे, हे कायद्यानेही मानले.

तेव्हा सातव्या महिन्यातच पाच घरांनी एकत्र बसावे. दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकावी. ती बाळंतपणात वहिनींना द्यावी. बदली बाई आधीच ठरवून तिला काही दिवस वहिनींच्या सोबत बसवावे. लहान मूल अनोळखी हातांत एकदम जात नाही.

बदली मिळाली नाही, की घरातल्या थोरल्या मुलीची शाळा बंद होते. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हजेरीपटावर अशी मुलगी दिसली तर घरी जाऊन विचारा. ताराबाई मोडकांनी विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली. धाकटे भावंड जवळच सांभाळले गेले, तर थोरले वर्गात बसू शकते.

वहिनी पुन्हा काम सुरू करतील ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि प्रथम थोड्याच मुलांपासून. बाळाला पहिले सहा महिने केवळ आईचे दूध हवे. त्या पाजायला बसल्या, की रांगणाऱ्या मुलाजवळ, चुलीजवळ, पाण्याच्या टाकीजवळ दुसरे कोणी हवेच. तेवढ्यापुरती सासूबाईंची किंवा शेजारणीची पाळी लावावी.

आणखी एक. डांग्या खोकल्याची पहिली लस बाळाला सहा आठवड्यांनी मिळते. पुढच्या दहा आणि चौदा आठवड्यांनी. मोठे मूल ज्या खोकल्यातून निभावते, तोच तान्ह्याच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून खोकणारे किंवा तापलेले मूल पाळणाघरात पाठवू नये, मग त्या दिवसाची मजुरी बुडाली तरी बेहत्तर. बाळाला उचलण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत, आणि त्याचा पाळणा मुलांच्या घोळक्यापासून दूर असावा.

आज पाच घरांनी मिळून वहिनींचे हे काही महिने सांभाळले, तर पुढची कित्येक वर्षे वहिनी त्यांची मुले सांभाळतील.