पाठीचा हिशेब

(युवक शिबिरातले भाषण)



मला सांगण्यात आलं, श्रमावर बोल. श्रमावर बोलणारे विद्वान पुष्कळ आहेत. मी पाठीवर बोलतो. पोती वाहणाऱ्याच्या पाठीवर. बारा वर्षं मी धान्य वाहिलं आणि आता माझ्या डाव्या पायात चोवीस तास मुंग्या असतात, म्हणून मला बोलायचा हक्क आहे.

आधी मणका समजून घ्या. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. डॉक्टर तिला डिस्क म्हणतात. बाहेरून चिवट वेढे, आत मऊ गर. कमरेत वाकून वजन उचललं की गर मागं रेटला जातो. वर्षानुवर्षं हेच चाललं की वेढे विरतात, गर बाहेर येतो नि नस दाबतो. बहुतेकदा कमरेच्या शेवटच्या दोन गाद्या जातात. मग कळ कुल्ल्यातून पोटरीत आणि पोटरीतून पावलात उतरते. घरचे म्हणतात, उसण भरली. मुकादम म्हणतो, सोंग करतोय.

डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं : वजन उचलू नये. सल्ला खरा आहे, पण तो पगारी रजा असणाऱ्याचा आहे. आम्ही वजन उचलायचं नाही, म्हणजे जेवायचं नाही.

तरी काही गोष्टी गाठीला बांधा. आठवडेच्या आठवडे अंथरूण धरू नका. झेपेल तसं हिंडतं राहिलं तर पाठ लवकर सावरते, आणि बऱ्याच जणांचं दुखणं काही आठवड्यांत ऑपरेशनशिवाय ओसरतं. पोतं अंगाशी धरा. ते जेवढं लांब, तेवढा कमरेवर ताण. ओझं घेऊन कंबर पिळू नका, पावलं वळवा. रात्रभरात गादी पाणी धरून फुगते, म्हणून उठल्याउठल्या वाकून जड उचलू नका. पण लघवी अडली, संडासावरचा ताबा गेला, मांड्यांमधली जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडलं, तर मालिशवाल्याकडे जाऊ नका. त्याच दिवशी मोठं इस्पितळ गाठा. तिथं उशीर म्हणजे जन्माचं पांगळेपण.

पण नीट वाकायला शिकून पोतं हलकं होत नाही. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं शिफारस केली की प्रौढ पुरुषाच्या अंगावर ५५ किलोंपेक्षा जास्त ओझं नको. त्यानंतरही आपल्या बाजारांत हमालांनी १०० किलोची पोती वाहिली. १९६९ साली माथाडी कायदा झाला, तो अण्णासाहेब पाटलांच्या मागं हमाल रस्त्यावर उतरला म्हणून. कुणी दयेपोटी दिला नाही.

१९२३च्या भरपाई कायद्याला धंद्यातून होणाऱ्या रोगांची यादी जोडलेली होती. त्यात शिसं होतं, पारा होता. हमालाची झिजलेली गादी नव्हती. अपघात सिद्ध करायला तारीख लागते, वेळ लागते. आमचा अपघात बारा वर्षं चालतो, त्याची तारीख कुठली सांगू?

आणि कुणाची पाठ ओझ्याखाली जायची, हे नशिबानं ठरत नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी बरी होती. पण तिथं धोट्यातलं सूत तोंडानं ओढायचे, म्हणून अस्पृश्याला मज्जाव. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. धोट्याला आमचं तोंड बाटवत होतं. पोत्याला मात्र आमची पाठ कधी बाटली नाही! वर पुन्हा कौतुक, 'ह्यांची पाठ जात्याच दणकट.' खोटं आहे. भटजीच्या मणक्यात जी गादी, तीच आपल्या मणक्यात. हे कौतुक म्हणजे जादा पोतं लादायची युक्ती आहे. तिला भुलून पैजा मारू नका.

म्हणून काम सांगतो. तुम्ही शिकलेले आहात. आपापल्या वस्तीत वही घेऊन फिरा. कोण ओझं वाहतो, किती किलोचं, किती वर्षं, दुखणं केव्हा सुरू झालं, मजुरी किती बुडाली, सगळं लिहा. मग ती वही घेऊन मागा : ५० किलोंवर पोतं नको, ट्रकच्या फाळक्याइतका उंच धक्का हवा, पाठ गेलेल्याला टोळीतच हलकं काम आणि पुरी मजुरी हवी.

मेहनतीची आम्हाला लाज नाही. पण मोडून पडण्याला कुणी मेहनत म्हणू नये.

जय भीम.