तो तास माझा आहे
(स्त्रियांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. नाशिकला सिडकोत राहते, घरी शिवणकाम करते. 2016 पासून आमच्या वस्तीतल्या बायकांबरोबर सकाळी शाळेच्या मैदानावर चालायला जाते. मला आज विषय दिलाय, 'बरं वाटत नसेल तेव्हा व्यायाम करावा की नाही?' तुम्ही म्हणाल, यात बोलायचं काय? बरं नसेल तर झोपावं. पण बायकांना बरं नसतं तेव्हा त्या झोपतात का, ते आधी सांगा.

सकाळी सहा ते सात हा तास मिळवायला मला तीन महिने लागले. सासूबाई म्हणायच्या, "फरशी पुसताना कंबर दुखते आणि मैदानावर फिरताना दुखत नाही होय?" नवऱ्याचा चहा, मुलाचा डबा, नळाचं पाणी, सगळं आवरून मी निघायचे. कधीतरी घरच्यांना सवय झाली. पण मनात धाकधूक कायम होती. एक दिवस खाडा केला की म्हणतील, "आज नाही गेलीस तर काय अडलं? मग उद्याही नको जाऊस."

2018 च्या पावसाळ्यात एक दिवस अंगात ताप होता. मी तापाची गोळी घेतली आणि गेले. तिसऱ्या फेरीला डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी मैदानातच बसले. मैत्रिणींनी रिक्षातून घरी आणलं. रक्त तपासलं तर डेंग्यू निघाला. डॉक्टर रागावले, "ताप असताना चालायला कशाला गेलात?" मी गप्प बसले. डोक्यात तापापेक्षा तो तास जाईल याची भीती जास्त होती, हे त्यांना कसं सांगणार? घरी तर निकालच लागला होता, "हे चालणंच तुला झेपत नाही!"

आमच्या गटाचीही यात चूक होती. आम्ही हजेरीची वही ठेवायचो आणि वर्षभर एकही खाडा नाही त्या बाईला खण द्यायचो. घरात खाडा चालत नाही म्हणून आम्ही बाहेर पडलो आणि बाहेरही तोच नियम केला.

आता दुसरी गोष्ट सांगते, ती उलटी आहे. 2021 मध्ये मला चालणं नकोसं झालं. एक जिना चढला की धाप लागायची, छातीत धडधडायचं. सगळ्या म्हणायच्या, "आळस झटक, चाल, अंग मोकळं होईल." मीही स्वतःला आळशी म्हणून घेतलं आणि पाय ओढत जात राहिले. शेवटी एका मैत्रिणीने विचारलं, "पाळीत किती जातं गं तुझं?" दोन वर्षं गाठी पडत होत्या, आठ-आठ दिवस अंगावरून जात होतं. मी कुणाला बोलले नव्हते. तपासलं तर हिमोग्लोबिन 7.4. गर्भाशयात गाठ होती. उपचार झाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि काही महिन्यांनी तोच जिना मी न थांबता चढले. तो आळस नव्हता, अंगात रक्त नव्हतं.

यात मी एकटी नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी देशात 57 टक्के आणि आपल्या महाराष्ट्रात सुमारे 54 टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे इथे बसलेल्यांपैकी दर दुसरीला हे असू शकतं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असलं तर रक्त कमी धरतात. तेव्हा खूप दिवस थकवा असेल, तर आधी रक्त तपासा. चालण्याचा जोर वाढवायचा का, ते नंतर बघा.

मग रोज सकाळी ठरवायचं कसं? आम्ही डॉक्टरांना विचारून काही गोष्टी वहीत लिहून ठेवल्या आहेत.

नुसतं नाक वाहतंय, शिंका येताहेत, घसा जरासा खवखवतोय, पण ताप नाही, तर हळूहळू दहा मिनिटं चालून बघावं. बरं वाटलं तर पुढे जावं, नाही वाटलं तर परतावं.

ताप, अंगदुखी, छातीतला खोकला, धाप, उलट्या, जुलाब, यांपैकी काहीही असेल तर व्यायाम नाही. तापात हृदय आधीच जोरात चालत असतं, अंगातलं पाणी कमी होत असतं. काही विषाणूंनी क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि अशा वेळी दमछाक केली तर जिवावर बेतू शकतं. गोळीने ताप उतरला म्हणजे आजार गेला असं नाही. गोळी न घेता निदान एक दिवस ताप नसावा, मग निम्म्या वेळाने सुरुवात करावी. डेंग्यूत तर ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवसच जास्त सांभाळायचे असतात. पोटात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, कुठून रक्त आलं, तर थेट दवाखाना गाठायचा.

चालताना छातीत दाब आला, जबडा, पाठ किंवा हात दुखू लागला, दरदरून घाम फुटला, नेहमीपेक्षा वेगळीच धाप लागली, तर 'पित्त झालं असेल' म्हणून घरी बसू नका. बायकांचा हृदयविकार पुष्कळदा असाच अंगावर काढला जातो.

आणि पाळी हा आजार नव्हे. आमच्यातल्या एकीला घरून सांगितलं होतं, पाळीत चाललं की गर्भपिशवी सरकते. तसं काही होत नाही. हलकं चालल्याने काहींचं पोटदुखीचं प्रमाण कमी होतं. ज्यांना फारच दुखतं, फार जातं, त्यांनी त्या दिवशी झोपावं आणि नंतर तपासून घ्यावं.

आता मुद्द्यावर येते. आजारी पडल्यावर आपण चालणं सोडतो, पण काम सोडतो का? अंगात ताप असला तरी चपात्या होतात, पाण्याचा हंडा उचलला जातो. आपल्याकडे आराम म्हणजे फक्त आपल्या आवडीची गोष्ट बंद! सरकारने 2019 मध्ये लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात आणि ते करणारे पुरुष 97 मिनिटं, असं त्यात निघालं. ज्या तापात मैदानावर चालणं धोक्याचं, त्याच तापात हंडा उचलणं धोक्याचं नाही का?

म्हणून 2022 पासून आम्ही पद्धत बदलली. खण देणं बंद केलं. आता वहीत 'गैरहजर' लिहीत नाही, 'आराम' लिहितो. आणि ज्या बाईने आराम घेतला तिच्याकडे गटातली एकजण सहा वाजता जाते. ती तिच्या उशाशी बसते, घरच्यांना सांगते, "हा तास हिचा आहे, आज ती झोपून घालवणार आहे." पहिल्यांदा घरोघरी तोंडं वाकडी झाली. माझ्या सासूबाईंनी विचारलं, "चालायचं नाही तर उठून चहा तरी ठेवायला काय होतं?" त्या दिवशी चहा नवऱ्याने केला. साखर जास्त पडली होती, पण मी पडल्या पडल्या प्यायले.

इतकी वर्षं मी चालण्याचा हक्क मागत होते. मागायचा होता तो वेळेचा हक्क. तो तास माझा असेल, तर त्यात चालायचं की झोपायचं हे मी माझ्या अंगाला विचारून ठरवीन. तो माझा नसेल, तर मी तापातही चालायला जाईन, जशी 2018 मध्ये गेले.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. आपल्या गल्लीतली जी बाई चार दिवस दिसली नाही, तिच्या घरी जा. ती कशी आहे ते विचारा आणि तिच्या ओट्यावर कोण उभं आहे तेही बघा. तीच उभी असेल, तर तिला हाताला धरून खाटेवर बसवा.