१०७७ क्रमांकाची रेजिमेंट
(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी बजावलं होतं की पंधरा मिनिटं बोलायचं, पण आपल्या नोकरीबद्दल बोलायचं नाही. मी गेली वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिते, त्यामुळे ही अट ऐकून अर्ध्या सभागृहाने सुटकेचा निःश्वास टाकला असेल. मी निवडलेला विषय आहे विमानवेधी तोफांची एक रेजिमेंट. आता उरलेल्या अर्ध्यांनी घड्याळाकडे पाहिलं असेल. पण थोडा धीर धरा. ही गोष्ट तोफांची आहे त्याहून जास्त ती तोफा चालवणाऱ्यांची आहे, आणि त्या बहुतेक मुली होत्या. त्यांतल्या कितीतरी जणींनी नुकतीच शाळा संपवली होती.

आपल्या इतिहासाच्या पुस्तकात दुसरं महायुद्ध चार-पाच पानांत उरकायचं. स्टालिनग्राडच्या वाट्याला त्यात फार तर एखादं वाक्य यायचं: जर्मनांचा पराभव झाला, युद्धाला कलाटणी मिळाली. परीक्षेला तेवढं पुरायचं. त्या वाक्याच्या आत, अगदी सुरुवातीला, २३ ऑगस्ट १९४२ हा एक रविवार आहे. मी आज त्याच्याबद्दल बोलणार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. स्टालिनग्राड, म्हणजे आजचं व्होल्गोग्राड, हे व्होल्गा नदीच्या काठाने लांबलचक पसरलेलं शहर. उत्तरेच्या टोकाला मोठे कारखाने, आणि त्यांत ट्रॅक्टरचा प्रचंड कारखाना. युद्धाच्या काळात तिथे टी-३४ रणगाडे तयार होत. या भागावर हवाई हल्ला झाला तर तो परतवण्याचं काम १०७७व्या विमानवेधी तोफखाना रेजिमेंटकडे होतं. लेफ्टनंट कर्नल व्लादिमिर गेरमान हे तिचे प्रमुख.

या रेजिमेंटमध्ये मुली कुठून आल्या? युद्धाच्या पहिल्या वर्षात सोव्हिएत सैन्याची भयंकर हानी झाली होती. आघाडीवर माणसं कमी पडत होती. म्हणून २५ मार्च १९४२ रोजी सोव्हिएत सरकारने आदेश काढला की कोम्सोमोल या युवक संघटनेतल्या एक लाख मुली हवाई संरक्षण दलात भरती करायच्या आणि तिथले पुरुष आघाडीवर पाठवायचे. कुणी टेलिफोनवर, कुणी दुर्बिणीवर, कुणी अंतर मोजण्याच्या यंत्रावर, कुणी थेट तोफेवर. मार्च ते ऑगस्ट, म्हणजे जेमतेम पाच महिने. आपल्याकडे एवढ्यात एक सत्रही पूर्ण होत नाही.

आता नोकरीबद्दल न बोलण्याची अट मी किंचित वाकवणार आहे. तांत्रिक भाग समजल्याशिवाय त्या दिवशी या मुलींनी काय केलं ते नीट कळत नाही.

त्यांच्याकडच्या तोफा ८५ मिलिमीटरच्या होत्या. एकेका तोफेचं वजन चार टनांच्या वर, गोळा सुमारे नऊ किलोचा, आणि तो दहा किलोमीटर उंचीपर्यंत जायचा. आता गंमत अशी की विमानावर नेम धरून गोळा मारला तर तो कधीच लागत नाही. आपण साधं गणित करू. विमान ताशी ३६० किलोमीटर वेगाने जातंय, म्हणजे सेकंदाला १०० मीटर. गोळ्याला त्या उंचीवर पोचायला दहा सेकंद लागले, तर तोवर विमान एक किलोमीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून तोफ जिथे विमान आहे तिथे रोखायची नसते, जिथे ते असणार आहे तिथे रोखायची असते. शिवाय गोळा विमानावर आदळण्याची शक्यता नगण्य, म्हणून तो ठरावीक सेकंदांनी हवेतच फुटावा अशी त्याची फ्यूज आधी लावून ठेवावी लागते.

हे गणित डोक्यात करायला वेळ नसतो. त्यासाठी तोफांपासून थोड्या अंतरावर एक यंत्र असायचं. दुर्बिणीतून विमानाचा माग काढत काही जण त्याची चाकं फिरवत राहायचे. अंतर, उंची, वेग, दिशा हे सगळं त्या यंत्रातल्या दातेरी चाकांत शिरायचं आणि दुसऱ्या बाजूने तोफेसाठी तीन उत्तरं बाहेर पडायची: किती वळा, किती वर उचला, फ्यूज किती सेकंदांवर लावा. वीज, चाकं आणि माणसं मिळून चालणारा तो एक संगणकच होता. याच प्रश्नावर काम करता करता अमेरिकेत नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाने पुढे १९४८ साली सायबरनेटिक्स नावाची ज्ञानशाखा मांडली. आज आमच्या क्षेत्रात अंदाज वर्तवणाऱ्या प्रणालींचा एवढा बोलबाला आहे, त्यांच्या घराण्याचा एक पूर्वज या तोफांच्या शेजारी उभा होता. आणि त्याची चाकं फिरवणाऱ्यांत अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली होत्या.

आता त्या रविवारकडे येते.

पहाटे जर्मनांची १६वी पँझर डिव्हिजन डॉन नदीकडून निघाली. मधे साठ किलोमीटरचा सपाट, वाळलेला गवताळ प्रदेश. एका दिवसात व्होल्गा गाठायची हा त्यांचा बेत होता. दुपारनंतर जर्मन हवाई दलाने शहरावर बॉम्बवर्षाव सुरू केला. त्या दिवशी सुमारे १,६०० उड्डाणं झाली आणि जवळजवळ १,००० टन बॉम्ब पडले. शहरात लाकडी घरांच्या वस्त्याच्या वस्त्या जळून गेल्या. हजारो नागरिक मेले.

म्हणजे या रेजिमेंटचं नेमून दिलेलं काम वर आकाशात चाललं होतं. आणि नेमक्या त्याच वेळी पश्चिमेच्या बाजूने जमिनीवरून धुळीचे लोट येऊ लागले. ते रणगाडे होते. तोफा आणि रणगाडे यांच्यामध्ये अडवायला म्हणावं असं पायदळ नव्हतं.

इथे ते सगळं शिक्षण निरुपयोगी ठरलं. अंदाज वर्तवणारं यंत्र आकाशासाठी बनवलेलं होतं, रणगाड्यासाठी त्याचा काही उपयोग नव्हता. जमिनीवरच्या लक्ष्यावर मारा करायचं प्रशिक्षण या मुलींना दिलेलं नव्हतं. त्यांच्या तोफाही उघड्या माळावर होत्या. आकाश मोकळं दिसावं म्हणून विमानवेधी तोफ उघड्यावर असावी लागते, पण रणगाड्याच्या दृष्टीने ती आयतं लक्ष्य ठरते. त्यांनी तोफांच्या नळ्या खाली आणल्या, पार जमिनीला समांतर, आणि समोर दिसणाऱ्या रणगाड्यांवर सरळ मारा सुरू केला. वरून विमानं आली की पुन्हा नळ्या वर. तोफा शाबूत होत्या तोवर हे चालू राहिलं. लढाई दुसऱ्या दिवशीही संपली नव्हती.

जर्मनांना एकेक ठाणं वेगळं जिंकावं लागलं. तोफांच्या खड्ड्यांपर्यंत पोचल्यावर त्यांना कळलं की आपण दिवसभर ज्यांच्याशी लढलो त्या बहुतांश मुली आहेत. १६व्या पँझर डिव्हिजनच्या अहवालातच नोंद आहे की स्त्रियांनी चिकाटीने लढवलेल्या ३७ विमानवेधी ठाण्यांशी त्यांना झुंजावं लागलं आणि ती सगळी नष्ट होईपर्यंत लढाई थांबली नाही. शत्रूने लिहिलेलं हे प्रमाणपत्र आहे.

आता आकड्यांकडे वळू, कारण आकडा दिसला की तो तपासायचा ही माझी सवय आहे. सोव्हिएत बाजूने सांगितलं जातं की या रेजिमेंटने दोन दिवसांत ८३ रणगाडे आणि १४ विमानं नष्ट केली. हा आकडा पुस्तकापुस्तकांतून जसाच्या तसा उतरवला जातो. मला तो फुगवलेला वाटतो. युद्धात एकच रणगाडा तीन तोफा आपापल्या खात्यावर मांडतात, बंद पडलेला रणगाडा रात्री ओढून नेऊन दुरुस्त होतो, आणि वरिष्ठांना कळवताना कुणी आकडा खाली आणत नाही. दोन दिवसांत खरोखर ८३ रणगाडे कायमचे गमावले असते, तर ती डिव्हिजन पुढे कित्येक आठवडे तिथेच लढत राहिली नसती.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. जर्मनांना त्या दिवशी व्होल्गा गाठण्यापासून कुणी रोखू शकलं नाही. संध्याकाळपर्यंत शहराच्या उत्तरेला ते नदीकाठावर उभे होते. मग या मुलींनी साधलं काय? वेळ. ट्रॅक्टर कारखाना त्या दिवशी पडला नाही. तिथले कामगार बंदुका घेऊन बाहेर आले, नुकतेच तयार झालेले रणगाडे कारखान्याच्या दारातून थेट लढाईला गेले, आणि उत्तरेची फळी उभी राहिली. तो कारखाना जर्मनांच्या हाती लागायला ऑक्टोबरचा मध्य उजाडला. नोव्हेंबरात सोव्हिएत सैन्याने वेढा घातला आणि २ फेब्रुवारी १९४३ रोजी शेवटच्या जर्मन तुकड्या शरण आल्या. यातलं किती श्रेय १०७७व्या रेजिमेंटचं, हे कुणाला मोजता येणार नाही. पण तो पहिला दिवस तसाच हातचा गेला असता तर पुढचे दिवस आलेच नसते, एवढं म्हणता येतं. त्यांचा पराक्रम सांगायला ८३ची गरज नाही. ३७ ठाणी पुरेशी आहेत, कारण ती शत्रूनेच मोजली आहेत.

त्याच काळात ब्रिटनमध्येही हा प्रश्न उभा होता. तिथे पुढे विमानवेधी दलाचे प्रमुख झालेले जनरल पाइल यांनी १९३८ साली, म्हणजे युद्धाआधीच, कॅरोलाइन हॅस्लेट या स्त्री-इंजिनिअरला तोफखान्याचं काम बघायला बोलावलं आणि यातलं बायकांना काय जमेल ते विचारलं. जड गोळे उचलण्यासारखं काम सोडलं तर सगळं जमेल, असं तिचं उत्तर होतं. १९४१मध्ये स्त्री-पुरुषांच्या मिश्र बॅटऱ्या उभ्या राहिल्या. खुद्द चर्चिल यांची मुलगी मेरी अशा बॅटरीत होती. मात्र नियम असा की मुलींनी विमान शोधायचं, अंतर मोजायचं, गणित करायचं, पण प्रत्यक्ष तोफ पुरुषाने डागायची. जीव घेण्याच्या कामातला नव्व्याण्णव टक्के हिशेब तिने करायचा आणि शेवटचा खटका त्याने ओढायचा. स्टालिनग्राडमध्ये असा नियम पाळायला कुणाला सवड नव्हती.

आणि युद्ध संपल्यावर? सोव्हिएत हवाई संरक्षणात लाखो स्त्रियांनी काम केलं. त्या घरी परतल्या तेव्हा पुष्कळ जणींनी पदकं कपाटात ठेवून दिली, आघाडीवर होतो हे सांगायचंच टाळलं. आघाडीवरून आलेल्या मुलीबद्दल शेजारीपाजारी काय कुजबुजतात हे त्यांना ठाऊक होतं. बेलारूसच्या लेखिका स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी पुढे अशा शेकडो स्त्रियांना बोलतं केलं. त्यांत विमानवेधी तोफांवरच्या मुलीही होत्या. १९८५ साली ते पुस्तक आलं, म्हणजे युद्ध संपून चाळीस वर्षं झाल्यावर. कितीतरी जणींना तोपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं.

आपल्याकडे सैन्यात स्त्रियांना वैद्यकीय सेवांच्या बाहेर अधिकारी म्हणून प्रवेश मिळाला तो १९९२ साली. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ज्या विभागांत त्यांना कायमस्वरूपी कमिशनचा हक्क मान्य केला, त्यांत आर्मी एअर डिफेन्स, म्हणजे आपलं विमानवेधी दल, आहे. मे २०२५मध्ये पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या एनडीएमधून १७ मुली पहिल्यांदा प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. आपल्यातल्या कुणाची मुलगी उद्या तिथे जायचं म्हणाली, तर 'तुला जमेल का' हा प्रश्न कृपा करून विचारू नका. त्याचं उत्तर १९४२ सालीच मिळालेलं आहे. विचारायचंच असेल तर 'तुझी तयारी किती आहे' असं विचारा.

शेवटचा मुद्दा, आणि तो थेट आपल्याशी संबंधित आहे. मी वाचलेल्या पुस्तकांत या रेजिमेंटचा क्रमांक मिळतो, तोफांची संख्या मिळते, तोफेचं वजन मिळतं, कमांडरचं नाव मिळतं. खड्ड्यांत मेलेल्या मुलींची नावं मात्र फार शोधूनही हाती लागतात ती थोडीच. त्या 'मुली' म्हणूनच इतिहासात राहिल्या.

आपल्या तुकडीची स्मरणिका निघते आहे. जे इथे आहेत त्यांची नावं, हुद्दे, फोटो त्यात येतीलच. पण आपल्या वर्गात अशाही मुली होत्या ज्यांचं शिक्षण दहावीनंतर थांबलं, ज्यांची लग्नं झाली, आडनावं बदलली आणि ज्यांचा पत्ता आता कुणालाच माहीत नाही. त्या आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाहीत, म्हणून आज इथे नाहीत. संपादक मंडळाला माझी विनंती आहे की जुन्या हजेरीपटावरून त्यांची नावं काढा, आणि शाळेतल्या नावानिशी, सगळ्यांच्या बरोबरीने, त्याच यादीत छापा. एका पानाचाच खर्च आहे. कमी पडला तर मी देते.