गोधडीतलं आवडतं आणि नावडतं काम

आपल्या अलिबाग-मुरूडकडे गोधडीच्या सुया निघतात त्या थंडी सरता सरता. पावसाळ्यात कपडा वाळत नाही, भातकापणीत हात रिकामा नसतो. तेव्हा माघ-फाल्गुनात दुपारची भांडी झाली की पडवीत चार जणी बसतात. अशा बैठकीत मी एक प्रश्न हमखास टाकते: बायांनो, यातलं कुठलं काम तुम्हांला आवडतं आणि कुठलं नको वाटतं?

नको वाटणारं काम सांगायला कुणाला विचार करावा लागत नाही. धुणं आणि उसवणं! जुन्या लुगड्यातली खळ, मळ सगळं आधी निघायला हवं. किनाऱ्यालगतच्या पुष्कळ विहिरींचं पाणी मचूळ. त्यात साबणाला फेस येत नाही आणि कापडात मीठ राहतं. असं कापड आत गेलं, की आषाढात गोधडी हवेतली ओल ओढून घेते, जड होते आणि तिला वास मारतो. म्हणून जाणती बाई गोधडीचं धुणं गोड्या पाण्यावरच करते, मग हंडे लांबून आणावे लागले तरी बेहत्तर. त्यावर हल्लीच्या साड्यांना फॉल असतो, तो टाका टाका उसवायचा. नऊवारीला ही कटकट नव्हती.

मग फाडणं. सुती लुगड्याला कातरीने जरासा छेद दिला की ते सुताच्या रेघेत सरळ फाटत जातं. नऊ वार म्हणजे 27 फूट. सहा फुटांची गोधडी धरली तर एका लुगड्यात चार थर निघतात आणि तीन फूट उरतात. हिशेब सोपा आहे, पण हात धजत नाही, कारण लुगडं बहुधा कुणाचं तरी असतं. आमच्या शेजारची एक बाई आईचं हिरवं लुगडं दोन वर्षं पेटीत ठेवून होती. ‘फाडलं तर आई गेली असं होईल,’ म्हणायची. शेवटी तिच्या जावेनं छेद दिला आणि हिनं तोंड फिरवून दुसरं टोक धरलं. पुढचे सगळे टाके मात्र तिने एकटीने घातले, कुणाला सुई लावू दिली नाही.

आता अंथरणं. हेही बहुतेकींना नको असतं, कारण पाठ आणि गुडघे त्यातच जातात. सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर पहिला थर ताणायचा, चार कोपऱ्यांवर वरवंटा, डबा, पाट असं हाताला येईल ते वजन ठेवायचं, आणि मग थरावर थर. लुगडं बसण्याच्या जागी विरलेलं असतं. एका थराची विरलेली जागा दुसऱ्याच्या विरलेल्या जागेवर येता कामा नये. चांगलं कापड वर आणि खाली, जुनेर मध्ये. एवढ्यात खालच्या थराला चुणी पडली, तर सगळं उचलून पुन्हा पहिल्यापासून. मला विचाराल तर गोधडी होते ती इथे. टाके वाकडे गेले तर चालतं. आतली चुणी मात्र रात्रभर पाठीला टोचते. आमच्या आळीत एक आजीबाई होत्या, त्या अंथरताना कुणाला बोलूसुद्धा देत नसत.

आणि आवडतं काम? टाके. तिथे सगळ्यांचं एकमत. काठ आत दुमडून कडेनं सुरुवात करायची आणि फिरत फिरत मध्याकडे जायचं. साधा धावदोरा, त्यात कसब ते काय, असं पुरुषमंडळींना वाटतं. त्यांच्यासाठी थोडं गणित करून ठेवलं आहे. सहा फूट लांब, चार फूट रुंद, ओळींत पाऊण इंचाचं अंतर आणि इंचाला दोन टाके, तर नऊ हजारांच्या वर टाके होतात. त्या ओळी एकापुढे एक ठेवल्या तर चौदा नऊवारी लुगड्यांची लांबी भरेल. तरी हे काम कंटाळ्याचं वाटत नाही, कारण दोघी-तिघी दोन अंगांनी बसतात, डोळे खाली असतात आणि तोंड मोकळं. समोरासमोर जे बोलवत नाही ते टाका घालताना बोललं जातं. म्हाताऱ्यांचं दुःख एकच, सुईत दोरा ओवणं. त्यासाठी शाळेतून आलेलं पोर पकडायचं.

मुरूडला सिद्दींचा जंजिरा आपल्या डोळ्यांसमोर आहे. तिकडे कर्नाटकात, उत्तर कन्नडच्या रानात, आफ्रिकी वंशाचेच सिद्दी लोक राहतात. त्यांच्या बायकांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. त्याही कडेनंच सुरुवात करतात, पण वरचे तुकडे आधी जोडून घेत नाहीत. जागच्या जागी तुकडा ठेवायचा, टाके घालायचे, पुढे सरकायचं. म्हणजे जोडणं आणि शिवणं एकाच फेरीत उरकतं. कोपऱ्यांवर घडी घातलेल्या चिंध्यांची फुलं बसवतात, ती नसली तर गोधडी उघडी दिसते म्हणे. बंगालच्या कांथेत तर जुन्या साडीच्या किनारीतून दोरा ओढून काढून त्यानेच शिवायची चाल होती. नावडत्या कामांत आणखी एकाची भर, दुसरं काय!

आता पुष्कळ घरांतून जुन्या साड्या यंत्रावर शिवायला देतात. यंत्राची शिवण सरळ आणि पक्की असते, मी तिला नावं ठेवणार नाही. पण गंमत पाहा. धुणं, उसवणं, फाडणं आपल्याकडेच राहिलं. यंत्राने नेलं ते नेमकं आवडीचं काम. पडवीतली बैठकही त्याबरोबर गेली. साध्या घरगुती यंत्राच्या पायाखाली जाड थर सरकत नाहीत, तेव्हा गोधडी पातळ होते. त्यात साड्या पॉलिस्टरच्या. थर एकमेकांवरून निसटतात, घाम टिपत नाहीत, आणि आपल्या दमट हवेत अंगाला चिकटतात. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-मुरूड-अलिबागची छपरं उडवली, तेव्हा घरोघरची अंथरुणं भिजली. पुढे पाऊस आणि कित्येक गावांतून दिवसचे दिवस वीज नाही. त्या दिवसांत जाड सुती गोधडी वाळवणं किती कठीण, हेही कळलं. सुती म्हणजे सगळं सोयीचं, असं मी म्हणत नाही.

ज्यांना हाताने शिवून पाहायची आहे त्यांनी मोठ्या गोधडीला एकदम हात घालू नये. मघाशी लुगड्यातला तीन फुटांचा तुकडा उरला होता. असे तीन-चार तुकडे जमले की तान्ह्या मुलाची छोटी गोधडी होते. ती अंथरायला वरवंटा लागत नाही, थोडकी जागा पुरते, आणि दोन दुपारी सोबतीला कुणी असलं तर टाके पुरे होतात. गाठ तेवढी थरांच्या आत घ्यावी, बाळाच्या गालाला लागता कामा नये.